होडी वल्हवण्याची पदवी

आमचे बाबा बोलत नाहीत. मुके नाहीत ते. टीव्हीवर हॉकी चालू असताना गोल चुकला की त्यांच्या तोंडून एक शब्द निघतो. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण फिनिश भाषेतला असल्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं प्रार्थना चाललीय, तौनो हापाला किती देवभोळा माणूस आहे. एरवी गप्प. पण गप्प बसण्याचेही त्यांचे प्रकार आहेत, आणि ते जगात एकाच व्यक्तीला ओळखता येतात. आमच्या आईला.

आई युक्रेनियन घरातली. तिच्या माहेरी जेवायला बसलं की सगळे एकदम बोलतात आणि ऐकण्याचं काम कुणाकडेच नसतं. लग्न करून ती हापालांकडे आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटायचं, घरात नुकतंच कुणीतरी गेलंय आणि हिला सांगायचं राहून गेलंय. मग हळूहळू ती शिकली. आता असं असतं:

"बाबा, शाळेची ट्रिप आहे विनिपेगला. मी जाऊ?"

बाबा कॉफीच्या कपात बघतात.

"हो म्हणतायत," आई सिंकपाशी पाठमोरी उभी राहून सांगते. "पण गरम आतले कपडे घालून जा म्हणतायत. आणि त्या केल्सीबरोबर खोली घेऊ नकोस म्हणतायत, ती रात्रभर बडबडते. हे सांगणारी मी नाही हं, ते म्हणतायत."

बाबांची मिशीसुद्धा हललेली नसते. पण दुसऱ्या दिवशी दाराशी आतल्या कपड्यांची घडी ठेवलेली सापडते. म्हणजे आईचं बरोबर. आईचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

दुसरा नियम असा की आमच्यात एक गोष्ट एकदाच विचारतात. दुसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याच्या कानांवर नाहीतर अकलेवर शंका घेतल्यासारखं होतं. बाबांना कुणी दुसऱ्यांदा काही विचारलेलं मला आठवत नाही. रेयो काका विचारतो, पण तो सख्खा भाऊ आहे, आणि तो स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देतो.

हे सगळं रीकासाठी सांगतेय.

रीका माझी मोठी बहीण. अठ्ठावीस वर्षांची, उंच, सरळ केसांची, आणि चालीत बाबांसारखी, म्हणजे पुढे काहीतरी जड ढकलत असल्यासारखी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त काढते. दिवसभर लोकांना सांगते, "थोडंसं टोचेल हं." मी तिची नक्कल करते तेव्हा ती हसते, पण मग म्हणते, "मी इतकी कंटाळलेली वाटते का गं?"

तिला डॉक्टर व्हायचंय. केव्हापासून, तर रेयो काकाचं कुत्रं साळिंदराच्या अंगावर गेलं तेव्हापासून. कुत्र्याचं थोबाड काट्यांनी भरलेलं. काका एवढा दांडगा माणूस, ट्रक चालवणारा, तो कुत्र्याकडे बघून पायरीवर मटकन बसला आणि म्हणाला, "मला काहीतरी होतंय." रीका दहा वर्षांची होती. तिने पक्कड आणली, कुत्र्याचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि एकेक काटा उपटला. काका अजून सांगतो, "कुत्रं एकदाही ओरडलं नाही. मी ओरडलो."

पण आमच्या इथे डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी कुठलीतरी एक पदवी घ्यायची, मग मेडिकलला अर्ज करायचा. आणि अर्जात सगळ्यात आधी बघतात ती पदवीच्या गुणांची सरासरी. चारपैकी किती. जे आत जातात ते पावणेचारच्या वरचे. रीकाची सरासरी साडेतीनच्या अलीकडे अडकलेली.

ती का अडकली हे घरात कुणी बोलत नाही. बोलायला कशाला हवं, सगळे तिथेच होते. रीका विद्यापीठात गेली त्याच वर्षी कागदाची गिरणी बंद पडली. बाबा घरी. त्यांचे गुडघे गिरणीने आधीच खाल्ले होते, त्यामुळे दुसरीकडे कुणी घेईना. रीका संध्याकाळी डोनटच्या दुकानात उभी राहायची आणि सकाळी रसायनशास्त्राच्या वर्गात झोपायची. पहिल्या वर्षी तिला जे गुण पडले ते पुढची तीन वर्षं जीव तोडून धुतले तरी निघाले नाहीत. सरासरी अशीच असते. ती विसरत नाही आणि कारण विचारत नाही.

प्रवेशपरीक्षेत मात्र रीकाने कमाल केली होती. तरी तीनदा अर्ज केला आणि तीनदा नकार आला. मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. त्या ईमेलचा आवाज मला तोंडपाठ आहे, मी तो जेवणाच्या टेबलावर काढून दाखवायचे: "आपण आमच्या संस्थेत जी रुची दाखवलीत तिचा आम्हाला मनापासून आनंद वाटतो. या वर्षी अर्जदारांची गुणवत्ता खरोखरच थक्क करणारी होती. दुर्दैवाने..." त्या 'दुर्दैवाने'पाशी मी हात छातीवर ठेवायचे. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी काका हसला. तिसऱ्या वर्षी मी केलं नाही.

तिसरा नकार आल्यावर रीका विद्यापीठातल्या सल्लागार बाईंकडे गेली. मला बुटांची खरेदी करायची होती म्हणून मी बरोबर होते. मिस पेनहेल. खोलीत इतकी झाडं की बाई शोधावी लागली. तिचं प्रत्येक वाक्य आधी तुमच्या डोक्यावरून हात फिरवतं आणि मग मान पिरगाळतं.

"मी आणखी चार-पाच विषय घेऊन चांगले गुण मिळवले तर?" रीकाने विचारलं.

"अगदी! खूपच छान प्रश्न! सुटे विषय फार सुंदर असतात. फक्त ते मोजत नाहीत."

"मग एम.एस्सी.?"

"वा! मला तुमची जिद्द फार आवडली. तीही मोजत नाहीत."

"मग मोजतात काय?"

"दुसरी पदवी," मिस पेनहेल इतक्या हळुवारपणे म्हणाली की मला वाटलं कुणीतरी वारल्याची बातमी देतेय. "पहिल्यासारखीच, अगदी पहिल्यापासून. म्हणजे तुमचे काही विषय वळते होतील, दोन वर्षांत उरकेल. पण पूर्ण वेळ हं. दर सत्राला पाच विषय. चार घेतले तर ते वर्षच धरत नाहीत. नोकरी... शनिवार-रविवार, कदाचित?"

"पुन्हा जीवशास्त्र घेऊ?"

बाईंनी दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला. "विषय कुठलाही चालतो. गुण कुठे पडतात ते बघायचं. आपल्याकडे निसर्ग-सहली आणि उद्यानांची पदवी आहे. मुलं फार खूश असतात. होडी वल्हवणं, बर्फात निवारा बांधणं, नकाशा वाचणं. तुम्ही इथल्याच ना?"

रीकाने पाचव्या वर्षी पहिल्यांदा वल्हं धरलंय.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मी होडी नीट वल्हवून दाखवली तर हे लोक मला माणसाचं पोट उघडायला देतील."

"किती छान शब्दांत मांडलंत!" मिस पेनहेल म्हणाली.

परतताना गाडीत रीका इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग हसणं थांबलं आणि ती स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. बूट घ्यायचे राहिले.

पण त्या होडीच्या पदवीसाठी अर्ज तिने केला, आणि जागाही मिळाली. जूनच्या पहिल्या तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आता सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. रेयो काका आमच्या स्वयंपाकघरात बूट न काढता बसला आणि म्हणाला, "दोन वर्षं? होडीसाठी? अगं मला विचारायचंस. मी आत्ता देतो पदवी. बस त्या खुर्चीवर. वल्हव. डावीकडून. आता उजवीकडून. बुडालीस? नाही ना? शाब्बास, पदवीधर!"

"काका, मस्करी नको."

"मस्करी कुठली? ते तुझे विद्यापीठवाले करतायत मस्करी. मी तर फुकट देतोय."

हॉस्पिटलमध्ये कोल्टन होता. हा शाळेत रीकाच्या दोन वर्षं मागे. विज्ञान-मेळाव्यात त्याच्या ज्वालामुखीने प्राचार्यांच्या पँटवर उलटी केली होती. आता तो डॉक्टर कोल्टन, तिथेच शिकाऊ. वडील दंतवैद्य. मी रीकाला डबा द्यायला गेले होते तेव्हा तो लॅबच्या खिडकीवर कोपर टेकून उभा होता.

"ए रीका, खरं सांगू? मी तुझ्या जागी असतो ना, तर सरळ आयर्लंडला गेलो असतो. तिथे पैसे भरले की काम. इथे उगाच कशाला डोकेफोड? आयुष्य एकदाच मिळतं."

"तू माझ्या जागी नाहीस, कोल्टन."

"अगं तेच तर म्हणतोय! असतो तर!"

आणि वाईट याचं की तो मनापासून सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर जराही खोट नव्हती. मला त्याची नक्कल अजून जमत नाही. नक्कल करायला माणसात कुठेतरी चीर असावी लागते.

खरी अडचण कुणी बोलतच नव्हतं. रीका हॉस्पिटलजवळ एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायची, पण तिच्या पगारातला मोठा वाटा आमच्या घरात यायचा. आई बेकरीत काम करते. पर्शियन बनवते, म्हणजे आमच्या गावचा तो गुलाबी साखरेचा लेप लावलेला गोड पाव. लोक गाव सोडून गेले तरी तो मागवून घेतात, पण लेप लावणारीला त्यात काही मिळत नाही. बाबांचे गुडघे तसेच. तेव्हा रीकाने दोन वर्षं शिकायचं म्हणजे तिने नोकरी सोडून आमच्या तळघरात परत यायचं आणि घरातला तिचा वाटा थांबायचा. हे बाबांना विचारायला हवं होतं. आणि बाबांना ते विचारायचं म्हणजे त्यांना तोंडावर सांगायचं की हे घर मी चालवते.

ती मेमधल्या लांब सुट्टीची वाट बघत राहिली. त्या सुट्टीत सगळं गाव आपापला कॅम्प उघडतं. आमचाही आहे, आजोबांनी बांधलेला, तळ्याकाठी एक खोली, आणि त्या खोलीपेक्षा जास्त प्रेमाने बांधलेला सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घेत बसायची लाकडी खोली. पाइप जोडायचे, उंदरांनी केलेलं आवरायचं आणि संध्याकाळी वर्षातला तिथला पहिला सॉना तापवायचा. आधी पुरुष जातात, मग बायका. आत भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. ते चर्चसारखं असतं. बाहेर आलं की टॉवेल गुंडाळून ओट्यावरच्या बाकावर बसायचं, अंगातून वाफ निघत असते, आणि जे काही महत्त्वाचं विचारायचं ते तिथे विचारायचं. आजोबांनी आजीला मागणी त्याच बाकावर घातली म्हणतात. आजीने काय उत्तर दिलं ते कुणाला माहीत नाही, पण लग्न झालं.

बाबा आणि काका लालबुंद होऊन बसले होते. तळ्याच्या टोकाला अजून बर्फ होतं. माशा चावत होत्या. आम्ही तिघी आत जायच्या तयारीत, आईच्या हातात वाफेत अंगावर झोडायच्या बर्च झाडाच्या डहाळ्या. रीका बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी नोकरी सोडून दोन वर्षं पुन्हा शिकायला जाऊ का? मला घरी परत राहायला यावं लागेल. आणि माझ्याकडून घरात काही येणार नाही."

बाबांनी तळ्याकडे बघितलं. काकाने तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. मग बाबांनी टॉवेल डाव्या खांद्यावरून काढून उजव्यावर टाकला. पलीकडे एक लून पक्षी ओरडला, त्यालाही कुणी उत्तर दिलं नाही.

"बादलीतलं पाणी संपलंय," बाबा म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले, आणि बादली घेऊन तळ्याकडे उतरले.

बस. एवढंच.

सॉनात अर्थातच कुणी काही बोललं नाही. जेवण झालं. मग रीका आईजवळ भांडी पुसायला उभी राहिली. आई मोयाक्काचं पातेलं घासत होती. बटाटे-मटणाचा रस्सा खाली लागला होता.

"काय म्हणाले?" रीकाने विचारलं.

"कोण?"

"बाबा. मगाशी."

"मला काय माहीत," आई म्हणाली.

रीका थांबली. मी पण थांबले. आम्हाला वाटलं आता सुरू होईल, हो म्हणतायत पण हे म्हणतायत, आणि ते म्हणतायत, आणि हे मी नाही, ते म्हणतायत. आई घासत राहिली. पातेलं स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिली.

"म्हणजे नाही म्हणाले," रीका म्हणाली. "हो असतं तर तू एव्हाना तीनदा सांगितलं असतंस."

"ते झाकण दे इकडे," आई म्हणाली.

जूनच्या पहिल्या तारखेला रीकाने दुपारच्या सुट्टीत विद्यापीठाला 'नाही' असं कळवून टाकलं. मला फोन केला. म्हणाली, "दिली सोडून," आणि मग, "तुझे ते बूट घ्यायचे राहिलेत ना? रविवारी जाऊ." जूनमध्ये बर्फाचे बूट.

उन्हाळाभर बाबा घरामागच्या शेडमध्ये होते. त्यांनी आजोबांची लाकडी होडी तुळयांवरून खाली काढली होती. तिच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड कुजलं होतं, दोन फासळ्या मोडल्या होत्या. गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन ते सगळं कापड सोलत बसले. फासळ्या वाफेवर वाकवल्या. नवीन कॅनव्हास ओढायला काकाला आणि मला दोन टोकांना उभं केलं. रीका शनिवारी आली की शेडच्या दारात उभी राहून बघायची. काका काय, गप्प बसणार थोडाच! "तौनो नवीन विद्यापीठ काढतोय गं," तो तिला म्हणाला. "पहिली जागा तुलाच. प्रवेशपरीक्षा नाही, सरासरी बघत नाहीत."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रंगाचा ब्रश पुसत राहिले.

घरी जाताना रीका मला म्हणाली, "कळलं ना? होडी वल्हवायची हौस आहे तर ही घे, घरातच वल्हव, असं सांगतायत मला." ती शांतपणे म्हणाली, पण त्या दिवशी ती फाटकाशी ठेवलेली स्वतःची सायकल न घेताच चालत निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली.

जुलैत कोल्टनला चांगली जागा मिळाली, दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात. लॅबमध्ये त्याचा केक कापला. रीकाने कापला, कारण म्हणे तिचा हात स्थिर. ऑगस्टमध्ये तिला लॅबमध्ये बढती दिली. आता ती नव्या मुलींना शिकवते की 'थोडंसं टोचेल हं' कसं म्हणायचं. आईने ही बातमी बेकरीत, चर्चमध्ये, शेजारी आणि चुकीचा नंबर लागलेल्या एका बाईलासुद्धा सांगितली. "पक्की नोकरी! सुट्ट्या! दातांचा विमा!" रीका ऐकत बसायची, कुणा दुसऱ्या मुलीबद्दल चाललंय असं. बाबा तेवढा वेळ शेडमध्ये असायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही कॅम्पवर गेलो. बाबांनी होडी गाडीच्या टपावर बांधून आणली होती. गडद हिरवी, कडा लाल. उतरवून लाकडी धक्क्याशी ठेवली. काकासुद्धा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "अरे देवा, तौनो," आणि पुढे काही सुचलं नाही त्याला.

मग सॉना. पुरुष आधी. आम्ही तिघी आत जायला निघालो तेव्हा बाबा बाकावर, वाफ निघतेय, पाय पुढे ताणलेले. त्यांनी रीकाकडे बघितलं.

"वर्ग सुरू नाही झाले अजून?"

आम्ही सगळे जागच्या जागी. बाबांनी विचारलं होतं. आपणहून.

"कसले वर्ग?" रीका म्हणाली.

बाबांनी हनुवटीने होडीकडे दाखवलं. "तुझे. होडी लागेल ना."

मला रीकाचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि पाठीवरचा टॉवेल तिने इतका घट्ट ओढला होता की खांद्यांची हाडं वर आली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू त्यांची मान आईकडे वळली.

"डार्लीन, तू सांगितलं नाहीस हिला?"

आई भिंतीला टेकली आणि मग जे मे महिन्यापासून तुंबलं होतं ते सुटलं.

"काय सांगायचं होतं? हो म्हणाले म्हणून? म्हणाले! टॉवेल या खांद्यावरचा त्या खांद्यावर, म्हणजे हो. पाणी आणायला स्वतः उठले त्या असल्या गुडघ्यांनी, म्हणजे नुसतं हो नाही, छाती फुगवून हो. मला नाही कळलं होय? तीस वर्षं तुमची मिशी वाचतेय मी! पण मग पुढे काय? दोन वर्षं घालायची आणि मग परत ते ईमेल. परत दुर्दैवाने. परत ही बाथरूममध्ये नळ सोडून बसणार आणि मी दाराबाहेर उभी, आत काही ऐकू येतंय का बघत. तीनदा उभी राहिलेय. चौथ्यांदा नाही राहणार मी. नाही म्हणजे नाही. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं, एकदा! आणि घर कोण चालवणार होतं? मी, त्या पावांना गुलाबी लेप लावून?"

शेवटचं वाक्य निघून गेल्यावर तिने हात तोंडावर नेला. उशीर झाला होता. बाबा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"आधीचं कारण खरं की नंतरचं?" रीकाने विचारलं.

आमच्यात एकदाच विचारतात. आईने डहाळ्या उचलल्या आणि सॉनाचं दार उघडलं.

मग आम्ही आत गेलो, कारण बायकांची पाळी होती आणि दगड तापले होते. आई सवयीने सगळ्यात वरच्या फळीवर बसली. मी मधल्या. रीका बादलीपाशी. आत भांडायचं नसतं, आवाज चढवायचा नसतो, आणि रीकाने तो नियम पाळला. तिने लाकडी पळी भरली आणि दगडांवर ओतली. वाफ छताला जाऊन आमच्यावर उतरली. कान जळले. तिने दुसरी ओतली, मग तिसरी. मी खालच्या फळीवर सरकले, मग जमिनीवर बसले, तोंड टॉवेलात खुपसून. वर आई लाल झाली होती, बीटसारखी, केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले. उतर म्हणावंसं वाटलं मला. पण आत बोलायचं नसतं. रीका ओतत होती, सावकाश, एकही थेंब बाहेर न सांडता, त्याच स्थिर हाताने. बादली रिकामी झाली. आई उतरली नाही. दोघींपैकी एकही रडली नाही, किंवा रडल्या असतील, त्या वाफेत कळतंय कुणाला.

बाहेर आलो तर बाबा तिथेच. काका सरपण रचायच्या निमित्ताने पलीकडे गेला होता, आणि सरपण आधीच रचलेलं होतं.

बाबांनी घसा साफ केला.

"पुढच्या वर्षी?"

रीकाने टॉवेल सारखा केला. ती तळ्याकडे बघत राहिली. ना हो, ना नाही, ना मान हलवली, काही नाही. अगदी बाबांचं गप्प बसणं होतं ते, हुबेहूब. मी इतकी वर्षं त्यांची नक्कल करतेय, मला एवढं कधी जमलं नव्हतं. बाबा थांबले. ते दुसऱ्यांदा विचारणार नव्हते. त्यांनी आईकडे बघितलं.

"काय म्हणाली?"

आईच्या अंगातून अजून वाफ निघत होती. तिने रीकाकडे नीट बघितलं, ओठ हलवून, अक्षर लावत असल्यासारखं. कितीतरी वेळ.

"मला काय माहीत," ती म्हणाली. या वेळी तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दव गोठायला लागणार होतं, म्हणून जेवणाआधी होडी वर घ्यायची ठरली. ती पाण्यात उतरवलीच नव्हती. काकाने मागची बाजू धरली, मी मधे, रीका पुढे. बाबा नुसतेच बाजूने चालत होते, हात कडेवर ठेवून. सॉनामागे दोन ओंडक्यांवर आम्ही ती उलटी घातली, म्हणजे आत बर्फ साचत नाही. रीकाने वाकून बघितलं कुठे रंग खरवडलाय का, आणि नव्हता खरवडला.